ऑनलाईन दुकानदारी आणि वेब ॲप : छोट्या व्यापाऱ्याने काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात एक जुना दस्तूर आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की त्याला आधी बसवायचे, पाणी विचारायचे आणि मग थान उघडायचे. जो दुकानदार गिऱ्हाइकाला दारातच अडवून "आधी नाव-पत्ता लिहा, नंबर द्या, मग माल दाखवतो" असे म्हणेल, त्याच्याकडे कोण थांबेल? परंतु मोबाईलवर दुकान मांडणारे आपलेच अनेक व्यापारी बांधव आज नेमके हेच करीत आहेत. जाहिरात पाहून ग्राहक येतो आणि त्याला सांगितले जाते की, आधी आमचे ॲप उतरवून घ्या. त्याचा फोन लग्नाच्या व्हिडिओंनी आणि मुलाबाळांच्या फोटोंनी आधीच भरलेला असतो. ॲपसाठी जागा करायची तर त्यातले काही पुसावे लागते. एका कुर्त्यासाठी एवढे कोण करणार? तो परत फिरतो आणि एखाद्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर जातो, कारण ते त्याच्या फोनमध्ये आधीपासूनच असते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे कापड असो, हिमरूच्या शाली असोत, अत्तर असो, कोल्हापुरी चप्पल असो की जरी-भरतकाम असो, आता प्रत्येक धंद्यात ऑनलाईन विक्रीची चर्चा आहे. दुकानात दर आठवड्याला कोणी ना कोणी तरुण येतो आणि "सेठ, तुमचे ॲप बनवून देतो" म्हणून दर सांगून जातो. व्यापाऱ्यापुढे मग दोनच रस्ते ठेवले जातात. एक, मोठ्या कंपनीच्या बाजारात गाळा घ्या आणि कमिशन भरत राहा. दोन, स्वतःचे ॲप बनवण्यात रक्कम घाला. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे. त्याला इंग्रजी नावाने प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. नाव जड आहे, म्हणून या लेखात आम्ही त्याला नुसते वेब ॲप म्हणू. हा रस्ता कोणाच्या कामाचा आहे, कोणाच्या नाही, हे येथे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावयाचे आहे.

वेब ॲप म्हणजे काय?

वेब ॲप ही मुळात वेबसाईटच असते. ग्राहक लिंक दाबतो, पान उघडते, माल दिसतो. काही उतरवून घ्यावे लागत नाही. मात्र साध्या वेबसाईटला जे जमत नाही ते तिला जमते. ग्राहकाला पसंत पडली तर तो तिचे चिन्ह आपल्या फोनच्या होम स्क्रीनवर ठेवू शकतो. ते चिन्ह दाबले की ब्राउझरची पट्टी न दिसता दुकान पूर्ण पडद्यावर उघडते, अगदी ॲपसारखे. नेटवर्क कमजोर असले तरी ती काही प्रमाणात चालते. ग्राहकाने परवानगी दिली तर नव्या मालाची सूचनाही पाठवता येते.

हे नाव २०१५ मध्ये डिझायनर फ्रान्सिस बेरिमन आणि क्रोम ब्राउझरवर काम करणारे अभियंते ॲलेक्स रसेल यांनी दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वेबसाईटने ग्राहकाशी ओळख हळूहळू वाढवावी. पहिल्या भेटीत नुसता माल दाखवावा, ओळख पक्की झाल्यावर मगच त्याच्या फोनमध्ये जागा मागावी. आमच्या पेठेत वाडवडिलांपासून धंदा याच रीतीने चालत आला आहे, हे वेगळे सांगायला नको.

ते चालते कसे?

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींना दुकानात जोड सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानाची पाटी. मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाईल असते. दुकानाचे नाव, चिन्ह, रंग आणि उघडल्यावर कोणते पान दिसावे, एवढे तिच्यात लिहिलेले असते. त्यावरून फोनला कळते की ही वस्तू होम स्क्रीनवर ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. साईटचा पत्ता सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस असलाच पाहिजे. त्याशिवाय बाकीची सोय चालतच नाही. यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळते. कोणी या एका गोष्टीचे वेगळे आणि भारी बिल लावत असेल तर व्यापाऱ्याने चौकशी करावी.

तिसरी आणि खरी कामाची गोष्ट म्हणजे सर्व्हिस वर्कर. याला दुकानातला हुशार मुनीम समजा. तो ग्राहक आणि गोदाम यांच्या मध्ये उभा असतो. ग्राहक पहिल्यांदा आला की दुकानाचे फर्निचर, कपाटे, गल्ला, पाटी, सगळे त्याच्या फोनमध्ये एकदाच नीट लावून ठेवतो. दुसऱ्यांदा तोच ग्राहक आला की फर्निचर पुन्हा गोदामातून आणावे लागत नाही, फक्त नवा माल आणि आजचा भाव तेवढा आणावा लागतो. म्हणून दुकान पटकन उघडते आणि डेटाही कमी लागतो. नेटवर्क गेले तर पान कोरे पडत नाही. आधी पाहिलेला माल मुनीम आपल्या कपाटातून काढून दाखवतो.

मंगलदास मार्केटच्या आतल्या गल्लीत किंवा एखाद्या तळघरातल्या गाळ्यात फोन लावून पाहिलेल्या माणसाला या सोयीची किंमत सांगावी लागत नाही.

फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांचा अनुभव

या प्रकरणात आपल्याच देशातला एक मोठा अनुभव आहे आणि तो प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२०१५ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांना वाटू लागले की आता वेबसाईटचा जमाना संपला, ग्राहक ॲपवरच आणायचा. बंगळूरच्या फ्लिपकार्टने त्या वर्षी मोबाईलवरची आपली वेबसाईट बंद केली आणि येणाऱ्याला ॲपकडे धाडण्यास सुरुवात केली. कपडे विकणारी मिंत्रा, जी २०१४ मध्येच फ्लिपकार्टने विकत घेतली होती, ती एक पाऊल आणखी पुढे गेली. मे २०१५ मध्ये तिने वेबसाईट पूर्ण बंद करून फक्त ॲपवर धंदा ठेवला.

त्या काळी देशात जिओ आलेले नव्हते. ते सप्टेंबर २०१६ मध्ये आले. डेटा महाग होता, मोठ्या संख्येने लोक २जी नेटवर्कवर होते आणि स्वस्त फोनमध्ये जागा अगदी थोडी असे. ज्याला एखादी वस्तू नुसती पाहायची आहे, त्याला दारातच अडवण्याचा हा प्रकार होता. परिणामी दोन्ही कंपन्यांना धोरण बदलावे लागले. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्ट लाईट या नावाने मोबाईल वेबसाईट पुन्हा आणली आणि ती वेब ॲपच्या पद्धतीने बांधलेली होती. मिंत्राने जून २०१६ मध्ये संगणकावरची वेबसाईट परत सुरू केली.

फ्लिपकार्ट लाईटचे जे आकडे पुढे गुगलने प्रसिद्ध केले ते असे आहेत. ग्राहक साईटवर पूर्वीच्या तिप्पट वेळ थांबू लागला. परत येणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. डेटाचा वापर तीन पटींनी घटला. होम स्क्रीनवरच्या चिन्हावरून येणाऱ्यांमध्ये खरेदी करण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी अधिक दिसले. चीनच्या अलीबाबा समूहातील अलीएक्सप्रेसने अशीच साईट बनवली तेव्हा नव्या ग्राहकांमध्ये खरेदीचे प्रमाण १०४ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीच्या थोडे वर वाढल्याचे सांगण्यात आले.

आकडे चांगले आहेत, परंतु व्यापाऱ्याने आकडा तोलूनच घ्यावा. पहिली गोष्ट, हे आकडे ज्यांना ही पद्धत रुजवायची होती त्यांनीच प्रसिद्ध केले आहेत. दुसरी गोष्ट, होम स्क्रीनवर चिन्ह ठेवणारा ग्राहक हा आधीच आपला पक्का ग्राहक असतो. तो जास्त खरेदी करतो यात नवल नाही, आणि त्याचे सारे श्रेय चिन्हाला देता येत नाही. तिसरी गोष्ट, या कंपन्यांची आधीची साईट जड होती किंवा बंदच होती, म्हणून फरक मोठा दिसला. आपल्या दुकानात हाच आकडा निघेल असे कोणी सांगू लागला तर त्याला विनयाने चहा पाजून निरोप द्यावा. मात्र मूळ धडा खरा आहे. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही ग्राहकाला दारात अडवणे परवडले नाही, तर आपल्याला कसे परवडेल?

छोट्या व्यापाऱ्याचा फायदा कोठे?

पहिला फायदा खर्चाचा. ॲप बनवायचे तर अँड्रॉईडसाठी एक, आयफोनसाठी दुसरे, आणि लोक गुगलवर शोधतात म्हणून वेबसाईट तिसरी. तीन गाळे, तीन भाडी, तीन ठिकाणी दुरुस्ती. वेब ॲपमध्ये काम बहुतांशी एकच असते. त्यात स्टोअरची फीही नाही. गुगलच्या प्ले स्टोअरवर खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर लागतात, तर ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. ही रक्कम एखादे वेळी भरता येईल, परंतु प्रत्येक बदलासाठी स्टोअरच्या मंजुरीची वाट पाहणे छोट्या दुकानदाराला अधिक जाचते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ॲपवर विकले की गुगल आणि ॲपल प्रत्येक विक्रीत मोठा हिस्सा कापतात, असे सांगून काही जण वेब ॲप गळ्यात मारतात. तो हिस्सा खेळ, गाणी, वर्गणी अशा फोनमध्येच वापरायच्या मालावर असतो. कापड, चप्पल, अत्तर यांसारख्या हाती द्यायच्या मालावर तो लागत नाही. वेब ॲप घ्यायचे तर खऱ्या कारणासाठी घ्यावे.

दुसरा फायदा लिंकचा. आपला निम्मा धंदा आज व्हॉट्सॲपवर बोलला जातो. वेब ॲपमध्ये प्रत्येक साडीला, प्रत्येक डिझाईनला स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता एका बहिणीने दुसऱ्या बहिणीला पाठवला की ती थेट त्याच साडीवर पोहोचते. मध्ये ॲप उतरवा, नंबर टाका, ओटीपी द्या अशी पायरी नाही. शिवाय ही पाने गुगलच्या शोधात सापडतात.

तिसरा फायदा दुरुस्तीचा. भाव चुकून १,२५० ऐवजी १२५ पडला तर साईटवर तो त्याच क्षणी सुधारता येतो. ॲपच्या रचनेत बदल करायचा झाला तर मात्र ग्राहक नवे रूप उतरवून घेईपर्यंत जुनेच चालू राहते.

चौथा फायदा भाषेचा. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून ही बाब आम्हांस जवळची वाटते. मराठी, उर्दू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत दुकान ठेवता येते. नस्तालीक लिपीचा फाँट इंग्रजीच्या मानाने जड असतो. दर वेळी उतरवला तर पान रखडते. सर्व्हिस वर्कर तो एकदा आणून जपून ठेवतो, पुढे त्रास नाही.

पाचवा फायदा सर्वांत मोठा आहे. मोठ्या कंपनीच्या बाजारात माल आपला असतो, परंतु ग्राहक कंपनीचा असतो. ग्राहकाशी आपली ओळख होत नाही. आपल्याच मालाशेजारी दुसऱ्याचा दोन रुपयांनी स्वस्त माल दाखवला जातो. कंपनीने नियम बदलले, दर बदलले, खाते थांबवले, तर आपल्या हाती काही उरत नाही. स्वतःच्या पत्त्यावरचे दुकान लहान असेल, पण ग्राहकांची वही आपल्या हाती राहते. तीन पिढ्यांची पेढी ज्या वहीवर उभी असते ती हीच. अर्थात मोठ्या बाजारातला गाळा आजच सोडावा असे आम्ही म्हणत नाही. नवा ग्राहक तेथे भेटतो. जुना ग्राहक मात्र आपल्या दारी यावा, एवढी व्यवस्था असली पाहिजे.

मर्यादा कोणत्या?

आयफोनवर ही सोय उशिरा आली आणि आजही अँड्रॉईडएवढी मोकळी नाही. सर्व्हिस वर्कर आयफोनवर मार्च २०१८ पासून चालू लागला. सूचना पाठवण्याची सोय मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून मिळाली, आणि तीही ग्राहकाने दुकान होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. अँड्रॉईडवर क्रोम स्वतः "इन्स्टॉल करा" असे सुचवतो. आयफोनवर ग्राहकाला शेअरचे बटण दाबून त्यातून पर्याय शोधावा लागतो. म्हणून आयफोनवाल्यांसाठी साईटवर चित्रासह दोन ओळींची सूचना ठेवावी.

२०२४ मधील एक घटनाही ध्यानात असू द्या. त्या वर्षी फेब्रुवारीत ॲपलने युरोपीय संघातील देशांत होम स्क्रीनवरच्या वेब ॲपची सोय काढून घेण्याचे ठरवले होते. विरोध झाल्यावर मार्चच्या सुरुवातीस तो निर्णय मागे घेतला. सोय चालू राहिली, परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या जमिनीवर आपण दुकान मांडतो ती शेवटी दुसऱ्याची आहे. म्हणून ग्राहकांची यादी, मालाचे फोटो आणि हिशेब यांची प्रत नेहमी आपल्या घरी असावी.

भाव आणि शिल्लक यांची खबरदारी

मुनीम कपाटातून जुना माल काढून दाखवतो, असे आम्ही वर म्हटले. यातच एक धोका आहे. त्याने जुना भावही दाखवला तर? सुताचा भाव वाढला, दुकानदाराने दर बदलला, पण ग्राहकाच्या फोनमध्ये गेल्या आठवड्याचा दर दिसतो आहे. ग्राहक म्हणेल, "दाखवलात एक आणि घेता एक." दुकानाची पत जाण्यास एवढे पुरेसे आहे. तसेच संपलेला माल शिल्लक दिसला, ग्राहकाने पैसे भरले आणि नंतर "माल नाही" असे कळवावे लागले, तर तो ग्राहक पुन्हा येत नाही.

म्हणून बनवणाऱ्याला स्पष्ट सांगावे. फोटो, पाटी, फाँट आणि रचना खुशाल साठवून ठेवा. परंतु भाव आणि शिल्लक नेहमी ताजी आणा. नेटवर्क नसेल तर भावाच्या जागी "भाव नेटवर्क आल्यावर दिसेल" असे लिहिलेले दिसावे. आणि पैसे भरण्याआधी भाव व शिल्लक एकदा पुन्हा तपासली गेलीच पाहिजे. नेटवर्कशिवाय माल पाहता येतो, टोपलीत टाकता येतो, परंतु पैसे भरता येत नाहीत, हेही ग्राहकाला साध्या शब्दांत सांगावे.

सूचनांचेही असेच आहे. दुकानात शिरताच "आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?" असे विचारणारी साईट ग्राहकाला नकोशी होते. एकदा त्याने नकार दाबला की ब्राउझर पुन्हा विचारू देत नाही. पहिली खरेदी झाल्यावर, "तुमचे पार्सल निघाले की कळवू का?" असे विचारावे. मग तो आनंदाने होकार देतो. त्या परवानगीचा उपयोग रोज सवलतीची दवंडी पिटण्यासाठी करू नये.

बनवून घेताना काय विचारावे?

सौदा करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात.

१) साईटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर राहील? तो दुकानदाराच्याच नावावर हवा. बनवणाऱ्याच्या नावावर असलेला पत्ता म्हणजे दुसऱ्याच्या नावाची पागडी.

२) पेमेंट गेटवेचे पैसे थेट दुकानाच्या बँक खात्यात येतील काय? यूपीआय आणि माल हाती आल्यावर रोख, हे दोन्ही पर्याय आहेत काय?

३) ग्राहकांची आणि ऑर्डरची यादी आम्हांस केव्हाही उतरवून घेता येईल काय?

४) साईट स्वस्तातल्या जुन्या फोनवर, कमजोर नेटवर्कवर उघडून दाखवाल काय? बनवणाऱ्याच्या महागड्या फोनवर सगळेच पटकन उघडते. गुगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे फुकट साधन वेग मोजून दाखवते, त्यावरही पाहावे.

५) फोटो लहान करून टाकले जातील काय? हा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु आहे मोठा. आजच्या फोनने काढलेला फोटो सहज ३ एमबीचा असतो. एका पानावर असे ३० फोटो टाकले तर ९० एमबी झाले. तेच फोटो योग्य आकारात, वेबपीसारख्या हलक्या प्रकारात १०० केबीच्या आसपास आणले तर सगळे पान ३ एमबीत बसते. फोटो जड राहिले तर कोणताही मुनीम दुकान वेगाने उघडू शकत नाही.

६) वर्षाचा देखभाल खर्च किती, आणि बनवणारा मध्येच निघून गेला तर काम दुसऱ्याच्या हाती कसे सोपवणार?

याखेरीज कायद्याची बाजू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचा संपर्क साईटवर देणे आवश्यक आहे. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यावयाची आणि एका महिन्यात निवारण करावयाचे. परत घेण्याचे आणि बदलून देण्याचे नियमही स्पष्ट लिहावेत. परराज्यात माल पाठवायचा असेल तर जीएसटीबाबत आपल्या कर सल्लागाराला आधी विचारून घ्यावे.

कोणाला याची गरज नाही?

ज्या कारागिराचे वीस-पंचवीस ठरलेले ग्राहक आहेत आणि महिन्याला मोजकाच माल तयार होतो, त्याने यात रक्कम घालू नये. व्हॉट्सॲप बिझनेसवरचा कॅटलॉग त्याला पुरेसा आहे आणि तो फुकट आहे. ज्याचा सगळा व्यवहार आडत्यामार्फत घाऊक चालतो, त्यालाही घाई नाही. ज्याच्याकडे ऑर्डर वेळेवर बांधून पाठवणारा माणूस नाही, त्याने आधी माणूस शोधावा, मग साईट.

परंतु ज्याच्याकडे शंभर-दोनशे नगांचा माल आहे, जो सुटी विक्री करतो, ज्याचे ग्राहक एकदा घेऊन पुन्हा येतात, त्याने ॲपच्या आधी वेब ॲपचा विचार करावा. ज्यांची वेबसाईट आधीच आहे त्यांना सगळे मोडून नवे बांधण्याची गरज नसते. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालणाऱ्या दुकानांना ही सोय जोडता येते. आधी फोटो हलके करा, मग सर्व्हिस वर्कर लावा, मग सूचना सुरू करा. एकेक पायरी चढत गेले तर खर्चही बेताचा राहतो आणि कशाने किती फरक पडला हेही समजते. पुढे धंदा वाढला आणि प्ले स्टोअरवर नाव हवेसे वाटले, तर हेच वेब ॲप तेथेही ठेवता येते. केलेला खर्च वाया जात नाही.

व्यापारी बांधवांनो, यंत्राने माल चांगला होत नाही. रंग जाणारे कापड वेगवान साईटवर विकले तर तक्रारही तितक्याच वेगाने येते. फोटोत दिसतो तोच रंग पाठवणे, माप पुरे देणे, दोष असल्यास आधी सांगणे, हे काम दुकानदाराचेच आहे आणि बरकत त्यातच आहे. वेब ॲपचे काम एवढेच की, जो ग्राहक आपल्या मालाच्या ओढीने दारापर्यंत आला, तो दार जड आहे म्हणून परत जाऊ नये. म्हणून एखाद्याला रक्कम देण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, नेटवर्क कमजोर असेल अशा जागी उभे राहून, स्वतःचेच दुकान ग्राहक म्हणून उघडून पाहावे. पहिले थान दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. खर्च करावा की नाही, आणि कशावर करावा, याचा अर्धा निर्णय तेथेच होईल.